स्पर्शावांचून नाडीपरीक्षा

विज्ञान आणि संसार

गेल्या महिन्याच्या टपालांत एका वाचक भगिनींचें पत्र असें आलें कीं, तें वाचून बाजूस ठेववेना. त्यांच्या अडीच वर्षांच्या मुलानें ओट्यावरील पातेल्याखालचें लोंबतें फडकें ओढलें आणि उकळतें दूध त्याच्या उजव्या हातावर, कोपरापासून मनगटापर्यंत, सांडलें. घरांतील मंडळींनीं घाबरून त्यावर टूथपेस्ट फासली. तालुक्याच्या डॉक्टरांनीं ती धुऊन काढून मुलास शहरांतील रुग्णालयांत धाडलें. तेथील शस्त्रवैद्यांनीं जखम पाहिली, पट्टी बांधली आणि सांगितलें कीं, त्वचारोपण करावें लागेल किंवा नाहीं हें आज सांगतां येत नाहीं. तीन दिवसांनीं पुन्हां पाहूं. भगिनी लिहितात: “मूल वेदनेनें तळमळत असतां ‘पुढें पाहूं’ म्हणून कसें चालेल? हा अनुभवाचा अभाव, कीं आम्हां गांवाकडच्या माणसांविषयींची बेपर्वाई? भाजलेल्या जागीं रक्त वाहतें आहे कीं नाहीं, हें हात न लावतां दाखविणारें यंत्र निघालें आहे असें ऐकतें. तें खरें काय? आणि तें फडकें मीच तेथें ठेविलें होतें, ही बोचणी मला रात्रीं झोंपूं देत नाहीं.”

प्रश्न तीन आहेत. शेवटच्याचें उत्तर विज्ञानाच्या कक्षेंतलें नव्हे. पण पहिल्या दोहोंचें आहे, आणि तीं दोन उत्तरें नीट उमगलीं म्हणजे तिसऱ्याचा भारही कांहींसा हलका होईल अशी आशा वाटते. म्हणून या महिन्याचें सदर आम्ही त्या पत्रासच वाहत आहोंत.

प्रथम त्वचेची रचना ध्यानांत घेतली पाहिजे. आपली त्वचा हा एक पडदा नसून एकावर एक असे दोन पडदे आहेत. वरची बाह्यत्वचा अंगाच्या बहुतेक भागीं कागदाइतकी, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारें दहाव्या हिश्शाइतकी पातळ असते. तिच्यांत रक्तवाहिनी मुळींच नाहीं. तिच्याखालची अंतस्त्वचा जाड, चिवट आणि रक्तानें भरलेली. केसांचीं मुळें, घर्मग्रंथि, ज्ञानतंतूंचीं टोकें आणि केसाहूनही बारीक अशा केशवाहिन्यांचें जाळें, हा सारा संसार तिच्यांत नांदत असतो. भाजल्यानें बाह्यत्वचा गेली तरी फारसें बिघडत नाहीं. कारण केसांच्या मुळांभोंवतीं व घर्मग्रंथींच्या नळ्यांत तिचें बीज शिल्लक असतें, आणि ऊंस तोडल्यावर खोडव्याला जसे नवे कोंब फुटतात, तशी तेथून नवी त्वचा फुटून वर येते. परंतु आंच इतकी खोल गेली कीं हें बीजही जळालें, तर शेत आंतून उगवत नाहीं. जखम केवळ कडांकडून हळूहळू भरूं लागते, आणि भरतांना आखडत जाते. जखम खोल किती, या प्रश्नाचें एवढें महत्त्व आहे तें यासाठीं.

हा भेद आपल्या पूर्वजांस ठाऊक नव्हता असें नाहीं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत अग्निकर्माविषयींचा जो बारावा अध्याय आहे, त्यांत प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध असे भाजण्याचे चार प्रकार सांगितले आहेत. नुसता रंग पालटून आग होते तें प्लुष्ट. फोड येऊन तीव्र वेदना होतात आणि जखम फार दिवसांनीं शमते तें दुर्दग्ध. वैद्यानें योग्य प्रमाणांत दिलेला डाग तें सम्यग्दग्ध. आणि मांस लोंबून शिरा, स्नायु, सांधे व अस्थि यांची हानि होते तें अतिदग्ध. पाहणारा डोळा आणि चांचपणारें बोट एवढ्याच साधनांवर केलेली ही वर्गवारी आजही विचारपूर्ण वाटते. आजचा शस्त्रवैद्यही रुग्णाच्या खाटेजवळ उभा राहून प्रथम तेंच करतो: रंग पाहतो, ओलावा पाहतो, टोचलें तर कळतें का विचारतो आणि बोटानें दाबून पाहतो.

अडचण येते ती मधल्या प्रकारांत. अगदीं वरवरची जखम ओळखणें सोपें आहे. ती लाल, ओली आणि अतिशय दुखरी असते. संपूर्ण खोल गेलेली जखमही लपत नाहीं; ती पांढुरकी किंवा काळपट, चामड्यासारखी टणक, आणि चमत्कार असा कीं बहुधा बधिर असते, कारण वेदना सांगणारे तंतूच जळालेले असतात. पण जेथें अंतस्त्वचेचा कांहीं भाग गेला आणि कांहीं राहिला, तेथें मोठमोठ्या अनुभवी शस्त्रवैद्यांचा अंदाजही शंभरांतून सुमारें साठ ते पंचाहत्तर वेळांच खरा ठरतो, असें पाश्चात्त्य देशांतील तपासण्यांवरून दिसून आलें आहे. म्हणजे तीन-चार रुग्णांमागें एकाच्या बाबतींत चूक! आणि चूक कोणत्याही बाजूस झाली तरी तिची किंमत रुग्णासच मोजावी लागते. जी जखम आपोआप बरी झाली असती तिच्यावर त्वचारोपण केलें, तर मांडीवरची निरोगी त्वचा काढून तेथें एक नवी जखम विनाकारण केली असें होतें. उलट, जी आपोआप बरी होणारी नव्हती तिची वाट पाहत बसलें, तर तीन आठवड्यांनंतर भरलेल्या जखमेवर जाड, उंच, खाजरा वण उठण्याचा संभव फार वाढतो, आणि कोपरासारख्या सांध्यावर तो वण आखडून हात सरळ होईनासा होतो. वाढत्या वयाच्या मुलाचें हाड वाढतें, पण वण त्याबरोबर वाढत नाहीं. मग एकामागून एक शस्त्रक्रिया मागें लागतात.

आतां ‘तीन दिवसांनीं पाहूं’ याचा अर्थ काय तें पाहूं. १९५३ सालीं इंग्लंडांतील बर्मिंगहॅम येथील शस्त्रवैद्य जॅक्सन यांनीं भाजलेल्या जागेचें जें वर्णन प्रसिद्ध केलें, तें आज जगभर शिकविलें जातें. त्यांच्या मतें भाजलेल्या जागेचीं एकाबाहेर एक अशीं तीन मंडलें असतात. मध्यभागचें मंडल मृत. तेथील प्रथिनें अंड्याच्या बलकासारखीं गोठून गेलेलीं असतात आणि तें परत जिवंत होणें नाहीं. सर्वांत बाहेरचें मंडल केवळ लाल झालेलें. तेथें रक्त नेहमींपेक्षां अधिक वाहतें आणि तें बहुधा बरें होतेंच. या दोहोंच्या मध्यें जें मंडल असतें, तेथें रक्त मंदावलेलें, थबकलेलें असतें. त्याचा निकाल लागलेला नसतो. अंगांत पाणी पुरेसें गेलें, जखम स्वच्छ राहिली, तर तेथील रक्त पुन्हां वाहूं लागतें आणि तो भाग वांचतो. पाणी कमी पडलें, जंतूंचा प्रादुर्भाव झाला, तर तो दोन-तीन दिवसांत मृत मंडलास जाऊन मिळतो. तात्पर्य, पहिल्या दिवशीं शस्त्रवैद्यास जखमेची खोली सांगतां येत नाहीं, याचें एक कारण असें कीं ती खोली पहिल्या दिवशीं ठरलेलीच नसते! ‘थांबूं’ म्हणणारा वैद्य त्या वेळीं अज्ञान झांकीत नसतो. जें अजून घडावयाचें आहे तें घडलें असें सांगण्याचें नाकारीत असतो.

यावरून हेंही उघड होतें कीं, खरा प्रश्न ‘किती जळलें’ हा नसून ‘रक्त अजून वाहतें का’ हा आहे. जेथें रक्त आहे तेथें जीव आहे. शस्त्रवैद्य बोटानें दाबतो तो हेंच पाहण्यासाठीं. वाचकांनीं आपल्या अंगठ्याचें नख दाबून पाहावें. तें पांढरें पडतें आणि बोट सोडतांच दोन सेकंदांच्या आंत पुन्हां गुलाबी होतें. भाजलेली जागा दाबल्यावर पांढरी होऊन भराभर परत लाल झाली तर शुभ लक्षण; पांढरीच राहिली, अथवा लाल असून दाबल्यानें पांढरीच होईना, तर तेथलें रक्त थांबलें आहे असें समजावें. ही परीक्षा उत्तम आहे, पण ती बोटाच्या टोकाएवढ्या जागेची आहे, आणि ‘भराभर’ व ‘हळू’ यांतील अंतर मोजणारें माप बोटाजवळ नाहीं.

हा वाहता प्रवाह डोळ्यांना दिसावा, ही इच्छा फार जुनी आहे. १६२८ सालीं विल्यम हार्वे यांनीं रक्त शरीरांत फिरतें हें सिद्ध केलें, पण रोहिणींतून नीलेंत तें जातें कोणत्या वाटेनें, हें त्यांस दिसलें नाहीं. ती वाट १६६१ सालीं इटलींतील मालपीगी यांनीं बेडकाच्या फुप्फुसांत सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिली. त्याच या केशवाहिन्या. त्यांचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाहूनही लहान. तांबड्या पेशींस त्यांतून बहुधा एकामागें एक, रांग धरूनच जावें लागतें, आणि त्यांचा वेग सेकंदास एक मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी. बेडकाचें फुप्फुस पातळ व पारदर्शक होतें. मनुष्याच्या भाजलेल्या हातावर सूक्ष्मदर्शक कसा लावणार? येथें एका अगदीं निराळ्या दिशेनें मदत आली.

आगगाडी शिट्टी वाजवीत स्थानकाकडे येत असतां शिट्टीचा स्वर उंच लागतो आणि गाडी समोरून निघून दूर जाऊं लागतांच तो एकदम उतरतो, हा अनुभव सर्वांचाच आहे. उगम जवळ येत असला म्हणजे लहरी दाटीनें येतात, दूर जात असला म्हणजे विरळ येतात. हें तत्त्व १८४२ सालीं प्राग येथें ख्रिश्चन डॉपलर यांनीं मांडलें. तेंही आकाशांतील जोडताऱ्यांच्या रंगांविषयीं बोलतांना. ताऱ्यांच्या रंगाचें त्यांनीं दिलेलें कारण पुढें चुकीचें ठरलें, पण तत्त्व खरें ठरलें. तीनच वर्षांनीं, १८४५ सालीं, हॉलंडांतील बाईस बॅलट यांनीं धांवत्या आगगाडीवर तुतारी वाजविणारे बसवून आणि रुळांच्या कडेला स्वरज्ञानी गवई उभे करून तें पडताळून पाहिलें. विज्ञानाच्या इतिहासांत अशा मौजेच्या परीक्षा थोड्याच असतील.

आतां आगगाडीच्या जागीं तांबडी पेशी आणि शिट्टीच्या जागीं प्रकाश अशी कल्पना करा. पेशीवर पडलेला प्रकाश परत फिरला, तर पेशीच्या गतीमुळें त्याचा ‘स्वर’ किंचित् बदललेला असला पाहिजे. पण हें ‘किंचित्’ किती? तांबड्या प्रकाशाच्या लहरी सेकंदाला सुमारें ४७४ लक्ष कोटी वेळां कंप पावतात; आणि सेकंदास एक मिलिमीटर सरकणाऱ्या पेशीमुळें त्यांत जास्तींत जास्त फरक पडतो तो अवघ्या तीन हजार कंपनांचा. पंधरा हजार कोटींतून एक, असें हें प्रमाण आहे! दिव्याचा किंवा सूर्याचा प्रकाश येथें निरुपयोगी, कारण त्यांत शेंकडों स्वर मिसळलेले असतात. बाजारांतील गलबल्यांत एका तारेचा उतार ओळखण्यापैकीं तें आहे. एकच शुद्ध स्वर धरणारा प्रकाश १९६० सालीं अमेरिकेंत थिओडोर मेमन यांनीं प्रथम निर्माण केला, तोच लेसर.

लेसर आला तरी इतका सूक्ष्म फरक मोजणार कसा? याचें उत्तर ज्यानें तंबोरा जुळविलेला ऐकला आहे त्यास ताबडतोब पटेल. जोडीच्या दोन तारा बहुतेक एका स्वरांत, पण पुरत्या एका स्वरांत नसल्या, म्हणजे त्यांच्या नादांत एक संथ लाट उठते. तारा जुळत आल्या कीं लाट मंदावते, आणि जुळल्या कीं नाहींशी होते. कान दोन्ही स्वर निरनिराळे मोजीत नाहीं. त्यांतील अंतर तेवढें त्या लाटेवरून ओळखतो. त्वचेंतही नेमकें हेंच घडतें. लेसरचा कांहीं प्रकाश स्थिर पेशीजालावर आपटून तसाच परततो. ही एक तार. कांहीं प्रकाश धांवत्या तांबड्या पेशींवर आपटून किंचित् बदलून परततो, ही दुसरी. दोन्ही यंत्रांत एकत्र आले म्हणजे त्यांची लाट उठते, आणि ती लाट सेकंदास कांहीं शें ते कांहीं हजार, म्हणजे नादाच्याच टप्प्यांतली असते. लाटेचा वेग पेशींची गति सांगतो आणि तिचा जोर पेशींची संख्या. दोहोंच्या गुणाकारावरून त्या जागीं रक्त किती वाहतें याचा अंदाज बांधतां येतो. वैद्य मनगटावर बोटें ठेवून जी नाडी पाहतो ती मोठ्या रोहिणीची. ही त्याहून शेंकडों पटींनीं बारीक वाहिन्यांची नाडीपरीक्षा, आणि तीही स्पर्शावांचून.

१९७२ सालीं रिव्हा, रॉस आणि बेनेडेक यांनीं सशाच्या डोळ्यांतील रक्तप्रवाह या रीतीनें मोजला. १९७५ सालीं मायकेल स्टर्न यांनीं त्वचेंतील सूक्ष्म रक्तप्रवाहाकडे तिचा रोंख वळविला. आरंभीं हें माप एकेका बिंदूचें होतें. पुढें गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत किरण आरशानें फिरवून संपूर्ण जखमेवरून ओळीओळीनें नेणारीं यंत्रें निघालीं. यंत्र रुग्णापासून हात-दीड हात दूर असतें. मंद लाल किंवा अदृश्य किरण जखमेवरून फिरतो. इंजेक्शन नाहीं, स्पर्श नाहीं, वेदना नाहीं. शेवटीं पडद्यावर हाताचा एक रंगीत नकाशा उमटतो. बहुधा लाल म्हणजे भरपूर प्रवाह, हिरवा-पिवळा म्हणजे मधला, आणि निळा म्हणजे अत्यल्प. जेथें लाल तेथें जखम साधारण दोन आठवड्यांत आपोआप भरेल, आणि जेथें निळा तेथें तीन आठवड्यांतही भरणार नाहीं, असा त्याचा वाचनार्थ.

याच कार्यास उपयोगी अशी दुसरी एक रीत आहे आणि तिचें मूळ अधिकच मनोरंजक आहे. व्याख्यानाच्या वेळीं पडद्यावर लेसरचा ठिपका फिरवितात, तो निरखून पाहिल्यास गुळगुळीत दिसत नाहीं. त्यांत वाळूसारखे उजळ-काळे कण चमचमतांना दिसतात. खडबडीत पृष्ठभागावरून परतलेल्या लहरी जेथें उंचवट्यावर उंचवटा अशा भेटतात तेथें उजेड होतो, आणि उंचवट्यावर खोलगट अशा भेटतात तेथें अंधार. या कणांस स्पेकल म्हणतात. लेसर निघण्याच्या सतरा वर्षें आधीं, १९४३ सालीं, बंगलोर येथें सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचे शिष्य जी. एन. रामचंद्रन यांनीं सूक्ष्म कणांमुळें दिव्याभोंवतीं दिसणाऱ्या वलयांतील अशाच ठिपकेदार चमचमीचा अभ्यास प्रसिद्ध केला होता, हें आपण अभिमानानें सांगावें. पृष्ठभाग स्थिर असला कीं कणही स्थिर. पण त्वचेखालीं रक्त वाहत असलें, तर कण सारखे बदलत राहतात. अशा वेळीं सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाएवढा वेळ छायाचित्र घेतलें, तर फिरत्या पंख्याच्या पात्यांप्रमाणें ते पुसट होतात. जेथें कण ठसठशीत तेथें रक्त थांबलेलें. जेथें पुसट तेथें वाहतें. छायाचित्रांतील पुसटपणा हा एरव्हीं दोष. येथें तोच साक्षीदार झाला! फर्शर आणि ब्रायर्स यांनीं १९८१ सालीं ही युक्ति मांडली. तिचा विशेष हा कीं, संपूर्ण चित्र एका क्षणांत मिळतें, आणि अडीच वर्षांच्या बाळास स्थिर बसविण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला आहे त्यांस या एका क्षणाचें मोल निराळें सांगावयास नको. मात्र तिची दृष्टि पहिल्या रीतीच्या मानानें कांहींशी उथळ असते.

येथवर वाचून कोणास वाटेल कीं, आतां शस्त्रवैद्याची गरजच संपली. तसें नाहीं. आजवरच्या अनुभवानें या यंत्राचे गुण दिसले, तशा मर्यादाही दिसल्या. २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश तपासणींत मध्यम खोलीच्या जखमांबाबत नुसत्या पाहणीनें शंभरांतून सुमारें सत्तर निर्णय बरोबर आले, तर डॉपलर यंत्राच्या साहाय्यानें सत्त्याण्णव. फरक लहान नव्हे. ब्रिटनच्या ‘नाइस’ या आरोग्य-मार्गदर्शक संस्थेनेंही २०११ सालीं या प्रकारच्या यंत्रास मान्यता दिली. परंतु शब्द जपून वापरले. अनुभवी वैद्यानें जखम पाहिल्यावरही जेथें शंका उरते, तेथें निर्णयास साहाय्य म्हणून तें वापरावें, असा त्याचा आशय आहे. यंत्र हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे.

आणि साक्षीदाराचीही उलटतपासणी करावी लागते. मूल हललें तर हालचालच रक्तप्रवाह म्हणून नोंदली जाते. जंतुसंसर्गानें जखम लाल झाली तर नकाशाही फसवा लाल दिसतो. हाताच्या गोलाईच्या कडांवर प्रकाश नीट परतत नाहीं. त्वचेवर मलम, शाई किंवा गोंदण असलें तर तें प्रकाश शोषून घेतें. यंत्राची नजर सुमारें एक मिलिमीटर खोल जाते, त्याखालचें तें जाणत नाहीं. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत घेतलेलें चित्र विश्वसनीय नसतें. दुसऱ्या दिवसाच्या अखेरीपासून पांचव्या दिवसापर्यंतचा काळ त्यास उत्तम. म्हणजे लक्षावधि रुपयांचें यंत्र शेजारीं उभें असतें तरी शस्त्रवैद्यांनीं मातेस हेंच सांगितलें असतें: “तीन दिवसांनीं पाहूं.” हें त्या भगिनींनीं अवश्य ध्यानांत घ्यावें.

आणखी एक गोष्ट आपण भारतीयांनीं विसरूं नये. प्रकाशावर चालणारीं हीं साधनें बव्हंशीं गोऱ्या त्वचेच्या देशांत घडलीं, आणि त्वचेचा सांवळा रंग हा स्वतःच प्रकाश शोषून घेणारा पदार्थ आहे. बोटास चिमट्याप्रमाणें लावून रक्तांतील प्राणवायु मोजण्याचें जें उपकरण करोनाच्या साथींत घरोघरीं शिरलें, तें काळ्या वर्णाच्या रुग्णांत प्राणवायूची धोक्याची घट गोऱ्यांच्या मानानें जवळजवळ तिप्पट वेळां ओळखावयास चुकतें, असें २०२० सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत आढळलें. रक्तप्रवाहाच्या यंत्रांचा प्रश्न अगदीं तसाच आहे असें नव्हे. पण आपल्या रुग्णालयांत यंत्र आणतांना तें आपल्या वर्णाच्या त्वचेवर पारखून घ्यावें, हा धडा त्यांतून घेण्यास हरकत नाहीं.

या किरणाचा उपयोग भाजण्यापुरताच नाहीं. मधुमेहाच्या रुग्णांच्या पायास जखम झाली असतां ती भरेल कीं बोट कापावें लागेल, हा निर्णयही तेथील सूक्ष्म रक्तप्रवाहावरच अवलंबून असतो. आणि मधुमेहानें ज्ञानतंतु बधिर झाल्यामुळें रुग्णास स्वतःस कांहींच कळत नाहीं. घरांत वडील मंडळींस मधुमेह असेल तर रोज रात्रीं त्यांचे तळपाय उजेडांत पाहणें, ही लेसर नसलेली परंतु फार मोलाची परीक्षा प्रत्येक सुनेस व मुलास करतां येण्यासारखी आहे.

आतां आपल्या स्वयंपाकघराकडे वळूं. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीपत्रकाप्रमाणें भारतांत दरसाल दहा लाखांहून अधिक माणसें मध्यम किंवा गंभीर स्वरूपानें भाजतात. मधल्या मंडलास वांचविण्याचें काम रुग्णालयांत सुरू होत नाहीं. तें घरच्या नळाखालीं सुरू होतें. भाजतांच बांगड्या, अंगठ्या, दोरा काढावा आणि भाजलेला भाग थंड वाहत्या पाण्याखालीं पुरीं वीस मिनिटें धरावा. घटना घडून तीन तासांपर्यंतही पाण्याचा उपयोग होतो. लहान मुलाचें बाकीचें अंग मात्र उबदार वस्त्रांत गुंडाळावें, नाहीं तर त्यास हुडहुडी भरते. बर्फ लावूं नये. त्यानें वाहिन्या आखडून उरलेलें रक्तही थांबतें. टूथपेस्ट, तूप, हळद, शाई, बटाट्याचा कीस यांपैकीं कांहींएक लावूं नये. यांनीं उष्णता आंत कोंडते, जंतूंस वाव मिळतो, आणि रंगामुळें वैद्याच्या डोळ्यास व यंत्राच्या किरणासही जखम दिसेनाशी होते. फोड फोडूं नयेत. स्वच्छ, धुतलेल्या सुती वस्त्रानें सैल झांकून वैद्याकडे न्यावें. चेहरा, हात, सांधा किंवा लहान मूल असेल तर तें अजिबात लांबवूं नये. आणि ज्यांच्या गांवीं असलें यंत्र नाहीं, त्यांनीं निराश होऊं नये. शक्य तोंवर त्याच शस्त्रवैद्यास दुसऱ्या व पांचव्या दिवसाच्या दरम्यान जखम पुन्हां दाखवावी, आणि प्रत्येक पट्टीच्या वेळीं एकाच उजेडांत छायाचित्र काढून ठेवावें. दोन दिवसांतील फरक हा एका दिवसाच्या अंदाजापेक्षां पुष्कळ अधिक सांगतो.

हा मजकूर लिहून होत आला असतां त्या भगिनींचें दुसरें पत्र हातीं आलें. चौथ्या दिवशीं पट्टी सोडली. मनगटाकडचा बहुतेक भाग गुलाबी, ओला, दाबल्यावर पांढरा होऊन लगेच भरून येणारा निघाला; कोपराच्या लवणींत मात्र बाळाच्या तळहाताएवढा तुकडा पांढराच राहिला. शस्त्रवैद्यांनीं तेवढ्याच जागेचें त्वचारोपण करण्याचें ठरविलें आहे. पहिल्या दिवशीं घाई केली असती तर कदाचित् संपूर्ण हातावर तें करावें लागलें असतें, असें त्यांनीं मातेस समजावून सांगितलें. तिच्या समाधानास हें पुरें पडलें नाहीं, आणि तें पडावें असा आग्रहही कोणी धरूं नये.

त्या भगिनींस आमचें एवढेंच सांगणें आहे. तें फडकें आतां पुन्हां ओट्यावरून लोंबूं देऊं नका. पातेल्याचा कान नेहमीं भिंतीकडे वळवून ठेवा. आणि मग ही गोष्ट मनांतून उतरवूं द्या. बाळाच्या हाताची जी मधली कड थबकून होती, तिचा पुष्कळसा भाग तुम्ही त्याला घोट घोट पाणी पाजीत, पट्टी स्वच्छ राखीत, रात्र रात्र मांडीवर घेऊन बसलां त्या तीन दिवसांत पुन्हां वाहता झाला. ते दिवस व्यर्थ गेले असें तुम्हांस वाटलें. वास्तविक त्या दिवसांतच उपचार चालला होता, आणि त्यांतला मोठा वांटा तुमच्या हातांचा होता. शस्त्रक्रियेनंतर कोपराचा व्यायाम सांगतील. त्यांत बाळ रडलें तरी खंड पडूं देऊं नका. पुढच्या पत्रांत त्याचा हात सरळ होतो कीं नाहीं, तें अवश्य कळवा.